काळ चुकलेली क्रियापदं

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसमागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर
केतुराबाई झिराडकर हिब्रू शिकवतात.
विद्यार्थिनी एकच. मी.
वय एकावन्न, गणेशखिंडीत नोकरी,
आणि पिशवीत एक अर्धवट प्रकरण:
'संदेष्ट्यांचे लेखन, एक साहित्यप्रकार'.

पहिल्या दिवशी मी लक्षणं वाचून दाखवली.
त्या बिरड्यासाठी वाल सोलत होत्या.
म्हणाल्या, आधी ते 'भविष्य' खोड.
भविष्य तुळशीबागेबाहेर पोपट सांगायचा.
हा निरोप आहे.
धनी गड्याला पाठवतो,
गडी परक्या दारात उभा राहून
धन्याच्या तोंडानं बोलतो, 'मी' म्हणतो,
आणि मार गडी खातो.

निरोप.
पंचवीस वर्षं मराठी शिकवून
मला त्या दिवशी दिसलं
की सांगून पाठवण्यालाही आपण हेच म्हणतो
आणि सोडून जाण्यालाही.

दुसरा धडा एका अक्षराएवढ्या शब्दाचा:
हाय.
हा मयताच्या घरचा शब्द, त्या म्हणाल्या.
हे लोक तो घेऊन जातात
जिथं पंगत बसलीय, तराजूत पासंग आहे,
यजमान ढेकर देतोय.
त्याच्या समोर बसून त्याच्याच नावानं रडतात.
आता तू याला काय म्हणशील? विडंबन? शोकगीत?
मी दोन्ही लिहिलं. दोन्ही खोडलं.

मग क्रियापदं आली.
नगर उभं आहे, वेशीत बाजार भरलाय,
आणि ओळीत लिहिलंय: पडलं.
काळ चुकलाय, मी म्हटलं,
पेपर तपासायची सवय.
चुकला नाही. लिहिणाऱ्यानं पाहिलंय.
पाहिलेलं कुणी भविष्यकाळात सांगतं का?

आणि वालांचं ताट बाजूला सारून
एकसष्टचा जुलै सांगितला.
तेव्हा बिऱ्हाड सोमवार पेठेत, नदीला हाक ऐकू जाईल इतकं.
वडील, हसाजी, पाटबंधारे खात्यात मोजणीदार,
मंगळवारी रात्री गुडघाभर चिखलानं आले
आणि दारातच म्हणाले: धरण फुटलं.
फुटलं नव्हतं.
अजून बुधवार उजाडायचा होता.
शेजारी म्हणाले, हसाजी प्यायलाय.
आईनं तांदळाचा डबा माळ्यावर चढवला,
वर मुलांना चढवलं.

थोरला भाऊ मात्र मरेपर्यंत शपथेवर सांगायचा,
बाबा 'फुटेल' म्हणाले होते.
'फुटेल' तर सगळेच म्हणत होते तेव्हा.
'फुटलं' हे आत्यानं लिहिलं, घरच्या वहीत,
पाणी ओसरल्यावर,
पानं उन्हात वाळवून.

मग खरं काय?
केतुराबाईंनी नखानं साल उडवली.
तुझं प्रकरण इथून सुरू कर.

ती वही मी पाहिली आहे.
तळाशी तपकिरी रेघ, पाणी जिथवर चढलं ती.
शेवटच्या पानावर निळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाचं अक्षर:
'भिंतींना चुना दिला. चिंचेला पालवी.'
कुणी लिहिलं, घरात कुणालाच ठाऊक नाही.
अभ्यासक अशा ओळींना प्रक्षिप्त म्हणतात.
मीही म्हणते, वर्गात, फळ्यावर लिहून.
तिथं, खिडकीत,
मी ते पान दोनदा वाचलं.

आज गुरुवार. बेल दाबली.
आतून आवाज: आलेच!

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून
पलंग ते दार, चार मिनिटं लागतात.
मी जिन्यात उभी.
खाली भंगारवाला ओरडत जातोय,
आत वॉकरची टकटक,
थांबते, पुन्हा सुरू होते.
आलेच, म्हणाल्या आहेत.
कडी अजून निघायचीय.